पट्टीचे वजन आणि वादकाचा हात
मुंबई, प्रतिनिधी

नवा सिंथेसायझर घ्यायचा म्हटले की ग्राहकाची नजर प्रथम जाते ती त्यातील आवाजांच्या संख्येकडे. हजार आवाज, दोन हजार आवाज, रंगीत पडदा, तयार ताल या गोष्टी दुकानात पटकन डोळ्यांत भरतात. वर्षानुवर्षे वाद्यवृंदात वाजविणारा वादक मात्र वाद्य सुरू करण्यापूर्वीच एखादी पट्टी हळूच दाबून पाहतो. आवाज पुढे बदलता येतात, त्यांत भर घालता येते; पट्ट्यांची रचना मात्र वाद्य घेतले त्या दिवशी जी असते, तीच शेवटपर्यंत राहते. उच्च श्रेणीच्या सिंथेसायझरची किंमत लाखाच्या घरात जात असताना हा निर्णय चुकला, तर तो खिशाला आणि मनगटाला, दोघांनाही महागात पडतो.

तीन प्रकारच्या पट्ट्या

बाजारात ढोबळमानाने तीन प्रकारच्या पट्ट्या आढळतात. पहिला प्रकार स्प्रिंगवर चालणाऱ्या हलक्या पट्ट्यांचा. बोट उचलताच त्या झटकन वर येतात. ऑर्गनचे व ब्रासचे तुकडे, जलद सुरावटी आणि पट्ट्यांवरून हात घसरत नेण्याची करामत त्यांवर सहज साधते. दुसरा प्रकार ‘सेमी-वेटेड’चा. येथेही स्प्रिंगच असते. परंतु पट्टी किंचित जड ठेवल्याने बोटाला थोडा विरोध जाणवतो. तिसरा प्रकार ‘हॅमर अॅक्शन’चा. त्यात पियानोप्रमाणे पट्टीच्या मागे छोटी हातोडी असते व तिच्या वजनामुळेच पट्टी जड लागते. यातील ‘ग्रेडेड’ रचनेत खर्जाच्या पट्ट्या अधिक जड आणि तार सप्तकाच्या हलक्या असतात, कारण खऱ्या पियानोतही तसेच असते.

सर्वांत महाग तीच पट्टी सर्वांत चांगली, असे मात्र अनुभवी वादक मानत नाहीत. पियानोवर हात बसलेल्याला स्प्रिंगच्या पट्टीवर हळुवार स्वर आवरत नाही. उलट ऑर्गनची सवय असलेल्याला हातोडीची पट्टी संथ वाटते आणि तीन तासांच्या कार्यक्रमात त्याचे मनगट भरून येते.

महाराष्ट्रातील अनेक वादकांच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. त्यांचा हात तयार झालेला असतो पेटीवर. पेटीत आवाज लहानमोठा होतो तो भात्याने. पट्टी किती जोरात दाबली याच्याशी त्याचा संबंध नसतो. असा वादक जेव्हा पियानोचा आवाज निवडतो, तेव्हा त्याच्या सुरावटीतील काही स्वर अकारण ठळक आणि काही पुसट उमटतात. दोष त्याच्या तालमीचा नसतो. वाद्य बोटांकडून मागत असलेले काम आजवर भाता करीत आलेला असतो.

वाद्याला जोर कसा कळतो?

प्रत्यक्षात बहुतेक सिंथेसायझर जोर मोजतच नाहीत, ते वेळ मोजतात. प्रत्येक पट्टीखाली सहसा दोन संपर्कबिंदू असतात. पट्टी खाली जाताना आधी एक जुळतो, मग दुसरा. या दोहोंमधील अंतर जितके कमी वेळात कापले जाईल, तितका आघात मोठा मानला जातो. ‘व्हेलॉसिटी’ म्हणतात ती हीच. १९८३ साली प्रचारात आलेल्या ‘मिडी’ या प्रणालीत तिला १ ते १२७ पर्यंतचा आकडा दिला जातो. काही पट्ट्यांत तिसरा संपर्कबिंदूही असतो. त्यामुळे पट्टी पूर्ण वर येण्याआधीच तोच स्वर पुन्हा वाजविता येतो.

आज गृहीत धरली जाणारी ही सोय पूर्वी नव्हती. १९७० सालच्या मिनीमूगला ४४ पट्ट्या होत्या, एका वेळी एकच स्वर वाजे आणि आघाताचा आवाजावर परिणाम होत नसे. मुंबईचे चरणजित सिंग यांनी १९८२ साली रागांवर आधारित आपली प्रसिद्ध ध्वनिमुद्रिका काढली, तेव्हा त्यांनी वापरलेल्या ज्युपिटर-८ या रोलँडच्या वाद्यातही ती सोय नव्हती. पुढच्याच वर्षी आलेल्या यामाहाच्या डीएक्स-७ ने आघाताला प्रतिसाद देणारी पट्टी सर्वदूर पोहोचविली. त्याच्या ६१ पट्ट्यांची जुने वादक आजही वाखाणणी करतात.

आवाज तोच, हात वेगळा

पट्ट्यांचे महत्त्व किती, हे यामाहाच्याच दोन वाद्यांवरून लक्षात येते. २०१६ साली ‘माँटाज’ आणि २०१८ साली त्याचे स्वस्त भावंड ‘मोडएक्स’ बाजारात आले. दोहोंची ध्वनिनिर्मितीची पद्धती मूलतः एकच. काही क्षमता ‘मोडएक्स’मध्ये कमी केल्या असल्या, तरी श्रोत्याला समोर बसून फरक ओळखणे कठीण. वादकाला मात्र तो पहिल्या मिनिटात कळतो. ‘माँटाज’च्या पट्ट्या अधिक भरीव आहेत आणि त्यांना ‘आफ्टरटच’ आहे. ‘मोडएक्स’च्या पट्ट्यांना तो नाही.

पण वजनाचा काटा उलट बाजूला झुकतो. ८८ पट्ट्यांचा ‘माँटाज’ सुमारे २९ किलोंचा, तर ६१ पट्ट्यांचा ‘मोडएक्स’ अवघा साडेसहा किलोंच्या आसपास. जिना चढून, रिक्षात घालून किंवा लोकलच्या गर्दीतून वाद्य नेणाऱ्याला हा फरक कोणत्याही वैशिष्ट्यापेक्षा मोठा वाटला, तर नवल नाही.

आफ्टरटच आणि मींड

पट्टी दाबून धरल्यावर तिच्यावर आणखी भार दिला की स्वरात कंप किंवा फुगवटा आणता येतो, तोच ‘आफ्टरटच’. साधारणपणे हा भार सर्व स्वरांवर एकत्रच परिणाम करतो. प्रत्येक स्वराला स्वतंत्र भार देण्याची सोय १९७७ सालच्या यामाहा सीएस-८० मध्ये होती. मात्र ते धूड ८० किलोंहून अधिक वजनाचे होते. २०२३ साली आलेल्या ‘माँटाज एम’ मालिकेतील ८८ पट्ट्यांच्या वाद्यात ही सोय पुन्हा दिसली. केवळ पियानो आणि ऑर्गन वाजविणाऱ्याला तिच्यावाचून अडत नाही. बासरी, सारंगी किंवा व्हायोलिनचा आवाज घेऊन गायकाची साथ करणाऱ्याला मात्र तिचे मोल कळते.

मींड काढायची तर डाव्या हाताखालील ‘पिच बेंड’ हवा. यामाहाची दोन चाके, रोलँडची आडवी हलणारी कळ आणि कॉर्गची जॉयस्टिक यांवरून वादकांत हिरिरीने वाद होतात. ज्याला ज्याची सवय, त्याला तेच योग्य वाटते. या साधनाची कक्षा बहुधा दोन अर्धस्वरांची ठेवलेली असते. म्हणजे षड्जावरून शुद्ध ऋषभापर्यंत. याहून लांब मींड हवी असल्यास कक्षा वाढवावी लागते. पण ती जितकी वाढेल, तितका नेमका स्वर साधणे अवघड होते.

बदलावे की जपावे?

वाद्य बदलण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात, असे जाणकार सुचवितात. पहिली, ‘व्हेलॉसिटी कर्व्ह’. पट्टी फार जड किंवा फार हलकी वाटत असल्यास वाद्यातील ही मांडणी बदलून पाहावी. तक्रार अनेकदा तेथेच मिटते. दुसरी, स्वच्छता. मुंबईची दमट हवा आणि धूळ यांमुळे पट्टीखालील रबरी संपर्कबिंदू खराब होतात. मग काही स्वर एकदम मोठे वाजतात किंवा वाजतच नाहीत. हा दोष दुरुस्तीने निघू शकतो, त्यासाठी नवे वाद्य घेण्याची गरज नसते. तिसरी, विस्ताराची सोय. १९९४ सालच्या रोलँड जेव्ही-१०८० मध्ये आवाजांची चार जादा कार्डे बसत. त्या मालिकेत आशियाई वाद्यांचेही एक कार्ड होते. आता हेच काम सॉफ्टवेअरद्वारे होते.

पट्ट्याच मनासारख्या नसतील, तरी जुने वाद्य मोडीत काढावे लागत नाही. आवाज न देणारा, केवळ पट्ट्यांचा कंट्रोलर घेऊन तो मिडीने जोडता येतो. मिडीच्या मूळ वेगाने, सेकंदाला ३१,२५० बिट या हिशेबाने, एका स्वराचा संदेश पोहोचायला जेमतेम एक मिलिसेकंद लागतो; तो विलंब कानाला जाणवत नाही. घरी सरावाला जड ८८ पट्ट्या आणि कार्यक्रमाला हलके ६१ पट्ट्यांचे वाद्य, अशी विभागणी म्हणूनच अनेकांना मानवते.

दुकानात जाताना आपण प्रत्यक्षात वाजवितो ती दोन-तीन गाणी ठरवून जावीत आणि तीच वीस मिनिटे वाजवावीत. एक संथ, एक द्रुत आणि एक हळुवार. वीस मिनिटांनंतर मनगट काय सांगते, ते माहितीपत्रकात कोठेही छापलेले नसते.