‘गिम्प’च्या घरीं नव्या भाषा

जुन्या छायाचित्रावरील डाग पुसणें, विटलेला चेहरा उजळणें, वेडेंवांकडें चित्र सरळ कापून घेणें, अशीं कामें घरच्या संगणकावर विनामूल्य करून देणारा ‘गिम्प’ नांवाचा प्रोग्रॅम पुष्कळ वाचकांच्या परिचयाचा असेल. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे दोन विद्यार्थी, स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस, यांनीं १९९५ सालीं त्याचा आरंभ केला आणि १९९८ सालीं त्याची पहिली पूर्ण आवृत्ति बाहेर पडली. एखादें चित्र सुधारावयाचें तर तें हातानें सुधारतां येतें. परंतु मुंजीचीं तीनशें छायाचित्रें एका मापाचीं करून प्रत्येकाखालीं नांव घालावयाचें असेल, तर तीच तीच कृति तीनशें वेळां करण्याचा कंटाळा कोणासही येईल. म्हणून कृतींची यादी एकदां लिहून द्यावी व प्रोग्रॅमनें ती मुकाट्यानें पार पाडावी, अशी सोय असते. या यादीस स्क्रिप्ट म्हणतात. अर्थात् ती ज्या भाषेंत लिहावयाची, ती भाषा प्रोग्रॅमला उमगली पाहिजे.

गिम्पच्या पहिल्या पूर्ण आवृत्तींत या कामाची मुख्य भाषा होती ती स्कीम. तीत ‘दोन अधिक तीन’ असें न म्हणतां कंसांत ‘अधिक दोन तीन’ असें लिहावें लागतें. आणि कंसाच्या पोटांत कंस असे इतके सांठत जातात कीं, कोणता कोठें मिटला हें शोधतांना नवशिक्याचे डोळे दुखूं लागावे. भाषा लहान, तर्कशुद्ध, आणि जाणत्याच्या दृष्टीनें सुंदरही. पण चित्रें काढणाऱ्या पुष्कळांस ती रुचेना. त्यांस हवी होती पायथन. गीडो व्हान रॉसम या डच गृहस्थानें १९९१ सालीं प्रसिद्ध केलेली ही भाषा साध्या वाक्यांसारखी वाचतां येते. जेम्स हेन्स्ट्रिज यांनीं तिच्यासाठीं दुवा घडविला आणि ती या घरांत नांदूं लागली.

आतां हा दुवा म्हणजे काय तें थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे, कारण सारी मेख तेथेंच आहे. गिम्पचें मूळ अंग ‘सी’ भाषेंत लिहिलेलें. तेथून एखादें चित्र पायथनच्या हवालीं करावयाचें, तर त्याचें नांव व माप सांगून भागत नाहीं. त्या चित्रानें संगणकाच्या स्मृतींत अडविलेली जागा पुढें कोणीं मोकळी करावयाची, हें ठरलेलें असावें लागतें. शेजारच्या घरून वाटीभर खीर आली, तर वाटी परत द्यावयाची कीं खिरीबरोबर तीही आपलीच, हें ठाऊक हवें, तसेंच हें. (वाटी रिकामी परत करूं नये हा शिष्टाचार निराळा.) जागा दोघांनींही मोकळी केली तर प्रोग्रॅम कोसळतो, कोणींच केली नाहीं तर स्मृति हळूहळू भरत जाते. सी भाषेच्या शब्दांत हा करार लिहिलेला नसतो. तो लिहिणाराच्या डोक्यांत असतो. जुन्या दुव्यांत हे सारे करार एकट्या पायथनपुरते हातानें सांभाळलेले होते. आणखी एखादी भाषा आणावयाची म्हणजे हाच खटाटोप पुनः मुळापासून.

आणि पायथन तरी जेथल्या तेथें कोठें राहिली? २००८ सालीं तिची तिसरी आवृत्ति निघाली, ती दुसरीशीं जाणूनबुजून विसंगत. यांतला एक फरक मराठी माणसास तात्काळ पटेल. युनिकोडच्या नेहमींच्या सांठवणींत ‘राम’ या शब्दाची लांबी विचारली, तर दुसरी आवृत्ति ९ असें उत्तर देई, कारण ती अक्षरें न मोजतां बाइट मोजी. तिसरी ३ सांगते: र, काना व म. आपण दोनच म्हणूं, पण तें असो. छायाचित्राखालीं देवनागरी नांव नीट मध्यावर बसवूं पाहणाऱ्यास हा भेद क्षुल्लक नाहीं. १ जानेवारी २०२० पासून दुसऱ्या आवृत्तीची देखभाल तिच्या कर्त्यांनीं थांबविली, गिम्पच्या २.१० आवृत्तीचा दुवा मात्र तिच्याशींच बांधलेला होता.

१६ मार्च २०२५ रोजीं गिम्पची ३.० आवृत्ति आली, ती हा दुवा काढून टाकूनच. नवी व्यवस्था अशी: प्रत्येक कृति काय घेते, काय देते, आणि वाटी कोणाची, हा करार सी भाषेंतील मूळ लेखाशेजारींच टिपून ठेवावयाचा; त्यावरून यंत्रानें वर्णनपत्र सिद्ध करावयाचें; आणि तें पत्र ज्या भाषेस वाचतां येईल तिला घर मोकळें. या युक्तीस जी-ऑब्जेक्ट इंट्रोस्पेक्शन असें लांबलचक नांव आहे. तिच्यायोगें पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर जावास्क्रिप्ट, लुआ व वाला यांसही प्रवेश मिळाला. स्कीम आपल्या जुन्या वाटेनें राहिलीच. नमुन्यादाखल ‘गोट एक्सरसाइझ’, म्हणजे बकरीची कसरत, हें एकच लहानसें काम सी धरून पांच भाषांत लिहून दिलें आहे, व तें आपला मूळ मजकूरही उघडून दाखवितें.

योजना उत्तम, यांत शंका नाहीं. पण तिची किंमत कोणास पडली? एखाद्या हौशी माणसानें पंधरा वर्षांपूर्वीं पायथनमध्यें स्क्रिप्ट लिहून लोकांस वाटली आणि पुढें तो दुसऱ्या उद्योगास लागला. ती स्क्रिप्ट ३.० मध्यें चालत नाहीं. ती रोज वापरणारा छायाचित्रकार भाषा जाणत नाहीं. त्याच्या दृष्टीनें हातचें हत्यार गेलें. त्याचा राग खोटा नव्हे. तरीही माझें मत गिम्पच्या कर्त्यांकडेच झुकतें. जिच्यांतील दोष आतां तिचे कर्तेही दुरुस्त करीत नाहींत, अशी भाषा मूठभर स्वयंसेवकांनीं किती दिवस पोसावी?

ज्यांचें काम जुन्या स्क्रिप्टांवर अडलें आहे, त्यांनीं शक्य असेल तेथें २.१० आवृत्ति राहूं द्यावी व एकेक स्क्रिप्ट जाणत्याकडून नव्या रीतीनें लिहून घ्यावी. कृतींचीं कित्येक नांवें बदललीं आहेत, व त्यांस काय द्यावें लागतें तेंही. स्कीमच्या स्क्रिप्टांसही थोडीफार डागडुजी लागतेच. नवी स्क्रिप्ट प्रथम चालवावी ती छायाचित्रांच्या प्रतींवर, अस्सल चित्रांवर नव्हे.