मर्क्युरीच्या मुखी डि सोटोचे दात

मोटारीच्या पुढील ग्रिलकडे कारखानदाराने मूळ कामगिरी सोपविली ती रेडिएटरला वारा पोहोचविण्याची व वाटेवरच्या खड्यांपासून त्याचे रक्षण करण्याची. परंतु दोन दिव्यांच्या मधोमध तिची स्थापना झाल्यामुळे ती वाहनाची मुखमुद्रा ठरली, आणि म्हणूनच मोटारीचे रूप पालटू इच्छिणाऱ्या कारागिराचा हात बहुधा प्रथम तिच्याकडेच वळतो.

या कलेला खरा बहर आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण कॅलिफोर्नियाच्या मुलुखात. 1949 ते 1951 या सालांची मर्क्युरी ही फोर्ड कंपनीची पुष्ट, गोलाकार अंगलटीची गाडी तेथील तरुणांच्या मनात भरली. मात्र तिच्या बारीक उभ्या पट्ट्यांच्या मूळ ग्रिलऐवजी त्यांनी पसंती दिली ती प्रतिस्पर्धी क्रायस्लर कंपनीच्या डि सोटो गाडीच्या ठसठशीत, क्रोमने झळाळणाऱ्या दातांना. 1953 च्या डि सोटोला असे अकरा दात होते, आणि ते सुटे काढता येत असल्यामुळे मुखाच्या रुंदीप्रमाणे त्यांची संख्या कमी करण्याची मुभा कारागिराला मिळे. डि सोटो नावाची गाडी वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातही जुळविली जात असे, त्यामुळे मुंबईकरांना ती अगदीच परकी नव्हती.

दात बसविणे हा या कामाचा सोपा भाग. खरी कसोटी लागते ती त्यांच्याभोवतीच्या पत्र्याची. मुखाचे काटकोनी कोपरे कापून तेथे वाकविलेला लोखंडी गज वेल्डिंगने जोडावयाचा, सांध्यावर कल्हई करावयाची, आणि मग सुमारे सत्तर भाग शिसे व तीस भाग कथील यांची डाख मंद ज्योतीखाली लोण्यासारखी मऊ होताच मेण किंवा चरबी लावलेल्या लाकडी थापीने पसरावयाची. ज्योत किंचित अधिक झाली तर डाख ओघळून जमिनीवर येते, कमी पडली तर पत्र्याला धरत नाही. थंड झाल्यावर तिला कानशीनेच आकार द्यावयाचा, कारण शिशाची उडणारी भुकटी विषारी असते.

या विद्येत अव्वल मानले गेले ते लिनवुड येथील जॉर्ज व सॅम बॅरिस हे बंधू. बॉब हिरोहाता यांची 1951 ची मर्क्युरी त्यांच्या दुकानात 1952 साली सिद्ध झाली. तिच्या ग्रिलसाठी त्यांनी डि सोटोकडे न वळता फोर्डच्याच ग्रिलचे भाग योजिले, आणि दिव्यांपासून बॉनेटपर्यंतचा पत्रा असा एकजीव केला की उसनवारीचा मागमूस राहिला नाही. 2017 साली त्या गाडीची नोंद अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहनांच्या दप्तरात झाली. ग्रिल कोणाची आणली यापेक्षा ती कोणत्या चौकटीत बसविली हेच या कलेत निर्णायक असते, याचा याहून सबळ पुरावा सापडणे कठीण.

आपल्याकडे जुनी गाडी बाळगणाऱ्या शौकिनाने म्हणूनच नवी ग्रिल प्रथम नुसत्या बोल्टांवर लावून पाहावी, इंजिन तापत नाही ना याची उन्हात फेरी मारून खात्री करून घ्यावी, आणि मगच पत्र्याला करवत लावावी. मूळ ग्रिल मात्र भंगारात घालू नये. बोल्ट पुन्हा सोडविता येतात, कापलेला पत्रा परत येत नाही.