सरकत्या काठाचा तलाव

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचं पाणी दोन समुद्रांना जाऊन मिळतं. धरणातून कोयना नदीत सोडलेलं पाणी कऱ्हाडला कृष्णेत मिसळून बंगालच्या उपसागराची वाट धरतं. बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटात शिरलेलं पाणी पोफळी-अलोऱ्याच्या बाजूला वीजनिर्मिती करून वाशिष्ठीमार्गे अरबी समुद्रात उतरतं. कुठल्या वाटेने किती पाणी कधी सोडायचं, हे वीज आणि सिंचनाच्या गरजेवर ठरतं. तापोळा-बामणोलीचे बोट क्लब, काठावरचे तंबू, वासोटा किल्ल्याच्या पायथ्याला नेणाऱ्या बोटी हे सगळं मागाहून आलं. पर्यटक ज्या पाण्यावर तरंगतो, त्याच्या हिशेबात पर्यटक कुठेच नाही. धरणाचा फुगवटा तलावासारखा दिसतो, पण तलावासारखा वागत नाही, त्याचं मूळ इथे आहे.

पहिला फरक आकाराचा. शिवसागर म्हणजे पाण्याने भरलेली सुमारे ५० किलोमीटर लांबीची दरी. तिची सर्वांत जास्त खोली मध्यभागी नसून धरणाच्या भिंतीपाशी आहे. तिथून वर तापोळ्याकडे यावं तसा तळ चढत जातो. आडव्या दिशेने पाहिलं तर जुन्या नदीपात्रावर पाणी खोल, दोन्ही बाजूंना उथळ. कोयना, सोळशी आणि कांदाटी या नद्यांची पात्रं पाण्याखाली आजही तशीच कोरलेली आहेत. त्यांच्या काठची भातखाचरं आणि त्यांचे बांधही तिथेच बुडाले. म्हणून गुडघाभर पाण्यात चालताना पुढचं पाऊल डोक्याइतक्या पाण्यात पडू शकतं.

दुसरा फरक काठाचा. नैसर्गिक तलावाची पातळी बऱ्यापैकी स्थिर असेल, तर लाटा शेकडो वर्षं एकाच उंचीवर किनारा घासतात. त्यातून उथळ, पसरट कड तयार होते. तिथे पाणवनस्पती रुजतात, मासे अंडी घालतात, मुळं माती धरून ठेवतात. जलाशयाच्या काठाला ही सवड मिळत नाही. आज जिथे पाणी टेकलं आहे तो डोंगराचा उतार आहे. दोन महिन्यांनी पाणी आणखी खाली, दुसऱ्याच उतारावर असेल. मधला पट्टा काही महिने पाण्याखाली आणि काही महिने उन्हात राहतो, त्यामुळे तिथे ना पाणवनस्पती टिकतात, ना झाडं. पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर करून माणूस मात्र एक पीक काढून घेतो.

हा गाळही सगळीकडे सारखा नसतो. पावसाळ्यात वेगाने आलेली नदी फुगवट्याच्या शेपटाशी मंदावते आणि जड वाळू-रेती तिथेच टाकते. बारीक चिकणमाती तरंगत पुढे जाते आणि संथ पाण्यात बसते. उन्हाळ्यात तिच्यावर सुकलेली खपली धरते, खाली मात्र चिखल ओलाच असतो. वरून टणक दिसणाऱ्या काठावर पाय मांडीपर्यंत रुततो तो यामुळेच.

काठ किती सरकेल याचं गणित सोपं आहे. तळाचा उतार ५०० मीटरला १ मीटर असेल, तर पातळी १ मीटरने खाली गेल्यावर पाणी अर्धा किलोमीटर मागे हटतं. तेच कड्यासारख्या उभ्या काठाला जेमतेम जाणवतं. म्हणून भिंतीजवळ भरलेला वाटणारा जलाशय शेपटाकडे पुन्हा नदी झालेला असतो. उन्हाळ्यात पवना धरणात वाघेश्वराचं आणि उजनी धरणात पळसदेवाचं मंदिर पाण्याबाहेर येतं, ते याच चढउताराने.

कोयनेत पाणी आणखी खालून घेण्याची सोयही झाली आहे. १९९९ मध्ये आणि पुन्हा २०१२ मध्ये जलाशयाच्या तळाला खालून बोगदा भिडवून शेवटचा खडक सुरुंगाने उडवण्यात आला. हेच ते गाजलेलं ‘लेक टॅपिंग’. दुसरं छिद्र पहिल्यापेक्षा खालच्या पातळीवर आहे. उन्हाळ्यात विजेला जास्त पाणी मिळावं हा त्याचा हेतू. त्यासोबत काठाला उतरायलाही जास्त जागा मिळाली.

तिसरा फरक डोळ्यांना दिसत नाही. ऊन पाण्याचा वरचा थर तापवतं. गरम पाणी हलकं, म्हणून ते वरच राहतं आणि खालच्या थंड पाण्यात सहज मिसळत नाही. आपल्याकडच्या तापमानाला हा परिणाम विशेष तीव्र असतो. पाणी ४ अंशांवरून ५ अंशांवर गेलं तर घनता जितकी घटते, त्याच्या सुमारे ३० पट ती २४ वरून २५ अंशांवर जाताना घटते. त्यामुळे दोन-चार अंशांचा फरकही थर वेगळे ठेवायला पुरतो. खालच्या थराला हवेतला प्राणवायू पोहोचत नाही आणि तिथे बुडालेला पालापाचोळा कुजताना असलेला प्राणवायूही संपत जातो. पोहणाऱ्याला वर कोमट लागलेलं पाणी सूर मारताच अंगावर काटा आणतं, ते या थरांमुळे.

एवढं पाणी साठवण्याचा भार जमिनीवरही येतो. कोयनेची साठवण १०५ टीएमसी (अब्ज घनफूट), म्हणजे सुमारे ३०० कोटी टन. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपानंतर कोयना हे जलाशयामुळे चालना मिळणाऱ्या भूकंपांच्या अभ्यासाचं जगातलं प्रमुख ठिकाण बनलं. पाण्याचं वजन आणि भेगांत झिरपून वाढणारा पाण्याचा दाब, दोन्ही आधीच ताणलेल्या खडकाला सरकायला मदत करतात. पातळीच्या चढउताराकडे भूकंपतज्ज्ञांचं लक्ष असतं ते म्हणूनच.

पर्यटकानेही तेवढंच लक्ष द्यायला हवं, आणि त्यासाठी वर्तमानपत्रातला धरणसाठ्याचा तक्ता पुरतो. फक्त तो नीट वाचला पाहिजे. टक्केवारी असते साठ्याची, खोलीची नव्हे. दरी तळाशी अरुंद आणि वर रुंद असल्यामुळे सुरुवातीचं बरंच पाणी गेलं तरी पातळी फारशी पडत नाही. आकार ढोबळमानाने उलट्या शंकूसारखा धरला, तर निम्मा साठा संपेपर्यंत पातळी एक पंचमांशानेच उतरते. पुढे मात्र प्रत्येक टक्का जास्त महाग पडतो. कोयनेचं तांत्रिक वर्ष १ जूनला सुरू होतं, म्हणजे मे हा त्याचा शेवटचा महिना आणि शाळांच्या सुट्टीचाही. गर्दी सर्वांत जास्त असते तेव्हाच काठ सर्वांत वेगाने सरकत असतो. गेल्या वर्षी दिवाळीत जिथे पोहलो ती जागा मे महिन्यात ओळखीची धरू नये. पाण्यात उतरण्याआधी बोटवाल्याला विचारावं, पाणी कुठवर उतरलंय आणि खाली काय आहे.