परतीचे दोर : सिंहगडप्रसंगातील एक कथनघटक

फेब्रुवारी १६७० मध्ये रात्री कोंढाण्यावर शिरलेल्या मावळ्यांचा नायक तानाजी मालुसरे पडला आणि तुकडी शत्रूच्या कोटात कोंडली गेली. तेव्हा सूर्याजीने परतीचे दोर कापले, असे आपण शाळेपासून ऐकत आलो. हा तपशील येतो कोठून?

राजारामाच्या काळात जिंजीस लिहिलेल्या सभासद बखरीनुसार पाचशेंपैकी तीनशे माणसे वर चढली, दोनशे पायथ्याशी राहिली. वर उदेभानाचे बाराशे. दोघे मावळे आधी कडा चढले व त्यांनी ‘माळ’, म्हणजे दोराची शिडी, लावली. (तुळशीदासाच्या पोवाड्यातील घोरपड येथे नाही.) तानाजी पडल्यावर सूर्याजीने हिंमत धरून लोक सावरले, एवढेच बखरकार सांगतो, दोर कापल्याचा उल्लेख नाही. १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रँट डफच्या इतिहासात मात्र पळत्या मावळ्यांना सूर्याजी दोर नष्ट झाल्याचे सांगतो. खरोखर कापले, की नुसते तसे सांगितले?

सभासदाच्या मौनावरून प्रसंग घडलाच नाही, असे म्हणता येणार नाही. त्याचे निवेदनच त्रोटक आहे. परंतु त्याच्या कथनात परतीची वाट मोकळी असण्याची शक्यता उरते आणि तरीही मावळे उलटून लढतात. रूढ कथेत लढण्यावाचून गत्यंतरच नसते. हरिभाऊ आपट्यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी पुरावा म्हणून उद्धृत करणाऱ्या प्रबंधांत (असे प्रबंध पाहण्यात येतात) नेमका हाच भेद पुसला जातो.