आडव्या गिटारीचा जेरी

गिटार पोटाशी आडवी, तोंड आभाळाकडे. पट्टा गळ्यात, वाजवणारा उभा. डाव्या हातात पोलादी कांडी, उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत नख्या. तारा इतक्या उंच बसवलेल्या की त्या पडद्यांना टेकतच नाहीत. पडदे नुसत्या खुणांपुरते. कांडी सरकली की मींड! आवाज घुमवायला पोटात अ‍ॅल्युमिनियमचा शंकू. ही रेझोनेटर गिटार, म्हणजेच डोब्रो, आणि तिचा आजचा बादशहा जेरी डग्लस.

जन्म १९५६ चा, गाव अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं वॉरन. वडील पोलाद कारखान्यात कामगार, शिवाय ब्लूग्रास या अमेरिकन लोकसंगीताच्या बँडमध्ये वाजवणारे. पोराला वेड लावलं जॉश ग्रेव्हजनं. अर्ल स्क्रग्ज बँजोवर तीन बोटांची जी बरसात करायचा, ती ग्रेव्हजनं डोब्रोवर उतरवली होती.

शाळकरी वयातच जेरी ‘कंट्री जंटलमेन’ या बँडबरोबर दौऱ्यावर! १९७५ मध्ये जे. डी. क्रोच्या ‘न्यू साउथ’ बँडचा अल्बम आला. जेरीसोबत गिटारवाला टोनी राइस आणि मँडोलिनवाला रिकी स्कॅग्ज याच अल्बमवर. ब्लूग्रासची ओळख करून घ्यायची तर हाच आधी लावा. दोस्तांनी जेरीचं नाव ठेवलं होतं ‘फ्लक्स’, म्हणून १९७९ चा पहिला एकल अल्बम ‘फ्लक्सॉलॉजी’.

पुढे दीड हजारांहून जास्त अल्बमांवर त्याची साथ. रे चार्ल्स, गार्थ ब्रूक्स, जेम्स टेलर... यादी संपत नाही. डझनावर ग्रॅमी घरात. तरी माझ्या मते त्याची खरी कमाल दिसते गायिका अ‍ॅलिसन क्राउसमागे. १९९८ पासून तो तिच्या ‘युनियन स्टेशन’ बँडबरोबर वाजवतोय. ती ओळ संपवते, श्वास घेते आणि तेवढ्या फटीत हा दोन-तीन सुरांची जागा घेऊन बाजूला होतो. शब्दावर कधी पाय पडत नाही. हार्मोनियमची उत्तम साथ ऐकलेल्या कानांना याची किंमत लगेच कळेल.

साठीच्या उंबरठ्यावर त्यानं ‘अर्ल्स ऑफ लेस्टर’ हा बँड काढला, निव्वळ स्क्रग्ज आणि त्याचा जोडीदार गायक फ्लॅट यांची गाणी वाजवायला. त्या जोडीच्या बँडमध्ये डोब्रो ग्रेव्हजचा; इथे ती जागा अर्थातच जेरीची. पहिल्याच अल्बमला ग्रॅमी.

आणि आपल्यासाठी खास: १९९५ चा ‘बर्बन अँड रोझवॉटर’. जेरीसोबत एडगर मेयरचा डबल बेस आणि पंडित विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा, म्हणजे तीही कांडीनं वाजवायची गिटारच. दोन आडव्या गिटारी समोरासमोर; मींडेला मींडेचं उत्तर. हेडफोन लावूनच ऐका.