सॉकेट वाचनातील कालमर्यादा

सॉकेट वाचनातील कालमर्यादा (रूढ नाव रीड टाइमआउट) म्हणजे जाळ्यावरील दुसऱ्या संगणकाकडून माहिती येण्याची आज्ञावलीने जास्तीत जास्त किती वेळ वाट पाहावी, याची ठरवून दिलेली मुदत होय.

सॉकेटची पद्धत १९८३ साली ४.२ बीएसडी या युनिक्स आवृत्तीतून रूढ झाली. तीत वाचनाची आज्ञा दिल्यावर माहिती आलेली नसेल, तर आज्ञावली तिथेच खोळंबते. समोरच्याने जोडणी रीतसर बंद केल्यास वाचन शून्य बाइट घेऊन परतते. परंतु त्याची वीजच गेली, तर तसे कळवणारा कोणी उरत नाही. वाचणारा मग अनंतकाळ थांबू शकतो. टीसीपीमध्ये ‘कीप-अलाइव्ह’ ही चौकशीची सोय आहे. मात्र १९८९ च्या आरएफसी ११२२ नुसार ती मुळात बंद असावी आणि चालू केल्यास पहिली चौकशी सर्वसाधारणपणे २ तासांच्या आत होऊ नये. तेव्हा मुदत आज्ञावलीनेच घालणे इष्ट.

जावामध्ये ही मुदत मिलिसेकंदांत देतात व ० म्हणजे अमर्याद प्रतीक्षा. पायथनमध्ये ती सेकंदांत असते व ० म्हणजे मुळीच न थांबणे. एकाच आकड्याचे हे परस्परविरुद्ध अर्थ नवशिक्यांना हमखास चकवतात.

मुदत संपली याचा अर्थ एवढाच, की त्या वेळात काही आले नाही. काम झाले नाही, असा अर्थ त्यातून निघत नाही. पैसे पाठवण्याची विनंती पोहोचून केवळ उत्तरास उशीर झाला असेल, तर विनंती पुन्हा धाडल्याने रक्कम दोनदा वळती होऊ शकते. यासाठी प्रत्येक विनंतीला स्वतंत्र क्रमांक देतात. पुन्हा आलेली विनंती त्यावरून ओळखता येते. जुनी जोडणीही बंद करणे बरे. अन्यथा उशिरा आलेले उत्तर पुढच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून वाचले जाण्याचा धोका राहतो.

ही मुदत सहसा प्रत्येक वाचनाला वेगळी लागू होते, संपूर्ण संदेशाला नव्हे. मुदत ३० सेकंदांची असताना समोरचा दर २९ सेकंदांनी एकच बाइट पाठवू लागला, तर १,००० बाइटांच्या संदेशाला सुमारे ८ तास लागतील आणि मुदत एकदाही संपणार नाही. म्हणून आरंभीच अंतिम वेळ ठरवून प्रत्येक वाचनापूर्वी उरलेला अवधीच मुदत म्हणून द्यावा. तो मोजताना भिंतीवरच्या घड्याळासारखी मागेपुढे करता येणारी वेळ न घेता, केवळ पुढेच सरकणारे प्रणालीचे अंतर्गत घड्याळ वापरतात.