मामा, कात्री खाली ठेवा!

महाबळेश्वरच्या वीकएंडहून परतताना डिकीत काय काय असतं? स्ट्रॉबेरीची खोकी, चपलांचे दोन जोड, भाजलेले चणे... आणि गँगमध्ये एखादा अतिउत्साही प्राणी असेल तर हायड्रेंजियाची कुंडी. आमच्या गँगमधला तो प्राणी म्हणजे मी! तो निळा, फुटबॉलएवढा गेंद पाहिला आणि ठरवून टाकलं, हा थेट येवल्याला, आईच्या गच्चीवर. माझ्या पुण्यातल्या बाल्कनीत तसंही वॉशिंग मशीन राहतं.

पहिला पावसाळा झाडाने मजेत काढला. मग ऑक्टोबर उजाडला आणि निफाडहून मामा आले. मामांची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर म्हणजे गोडी छाटणीचा हंगाम, हात शिवशिवत असणारच. 'फार माजलंय हे' म्हणत त्यांनी आमचं झाडही मापात आणून दिलं, अगदी प्रेमाने. झाड नंतर झकास फुटलं. पानंच पानं! फूल मात्र एकही नाही. आई जूनपर्यंत रोज सकाळी वाकून बघायची आणि फोनवर मला विचारायची, "अगं, पपईसारखं नर झाड तर नाही ना दिलं त्या नर्सरीवाल्याने?"

नर्सरीवाला बिचारा निर्दोष होता. चूक होती ती सवयीची. नाशिक जिल्ह्यात छाटणी केली की फळ येतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. द्राक्षाच्या काडीवर घड धरलेले डोळे खालीही असतात, त्यामुळे शेंडा कापून चालतो. गुलाब तर नव्या फुटीवरच फुलतो. बाजारात मिळणारा गोल गेंदाचा हायड्रेंजिया, म्हणजे मॅक्रोफिला, मात्र उलट्या डोक्याचा. पुढच्या मोसमाचं फूल तो याच वर्षीच्या काडीवर, बहुतेक अगदी टोकाच्या जाडजूड डोळ्यात दडवून ठेवतो. ऑक्टोबर ते जानेवारीत शेंडा उडवला, की वर्षभराची फुलं कचऱ्यात! छाटायचंच असेल तर फुलं सुकल्यावर लगेच, पावसाळ्याच्या तोंडाशी, आणि तेही सुकलेल्या गेंदाखालच्या पहिल्या टपोऱ्या डोळ्यांच्या जोडीपर्यंतच.

आता थंडीचं. परदेशी गार्डनिंगची पुस्तकं वाचाल तर घाबरून झाडाला गोधडी पांघरायला निघाल. तो सल्ला बर्फाळ गावांसाठी. शेजारच्या निफाडला पारा अधूनमधून खरोखर खाली जातो. डिसेंबर २०१८ मध्ये तर तो २ अंशांच्याही खाली गेला होता. तेव्हा द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे पाणी सोडतात. पण ही झळ द्राक्षाला जास्त. हायड्रेंजिया मूळचा जपानचा, त्याला गारवा हवाच असतो. कळी धरायला त्याला साधारण सहा आठवडे १८ अंशांच्या खालचं हवामान लागतं. येवल्याच्या हिवाळ्यातल्या रात्री ते देतात, दुपारी नाही. म्हणून महाबळेश्वरसारखा ताटवा इथे अपेक्षू नका. पाच-सहा गेंद आले तरी पार्टी द्या!

डिसेंबरात पानं पिवळी पडून गळायला लागली की 'मेलं वाटतं' म्हणून लोक दोन चुका करतात. एक, धो धो पाणी. दुसरी, मूठभर युरिया. झाड फक्त झोपलेलं असतं. नखाने काडी हलकेच खरवडा, आत हिरवं दिसलं की निश्चिंत व्हा. बोट मातीत दोन पेरं घाला, कोरडं लागलं तरच पाणी. खत फेब्रुवारीपर्यंत बंद. सकाळचं ऊन मिळू द्या आणि फेब्रुवारी संपायच्या आत कुंडी सावलीत हलवा. कारण येवल्यात या झाडाचा खरा शत्रू डिसेंबर नाही, एप्रिल आहे.

आणि निळा रंग? तो पुढच्या वेळी गुलाबी होऊन आला तर फसवणुकीची तक्रार करू नका. महाबळेश्वरची लाल जांभ्याची माती आम्ल असते. तिच्यातलं अॅल्युमिनियम झाडाला मिळतं आणि फूल निळं होतं. येवल्याची काळी माती चुनखडीची, वर बोअरचं जड पाणी, त्यामुळे गुलाबी. (पांढरी जात असेल तर काहीही करा, ती पांढरीच राहते.) निळाच हवा असेल तर कुंडीत काळी माती नको. पालापाचोळ्याचं खत आणि कोकोपीट घ्या. कळ्या दिसायच्या आधीपासून पंधरवड्यातून एकदा बादलीभर पाण्यात चमचाभर फटकडी विरघळवून त्यातलं थोडं घाला. पाणी पावसाचं साठवलेलं, नाहीतर एसीच्या नळीतून टपकणारं. वॉटर प्युरिफायरचं टाकाऊ पाणी मात्र अजिबात नको, त्यात क्षार उलट जास्त असतात. आणि शेजाऱ्यांची शेळी लांब ठेवा, ही पानं विषारी असतात.

येवलेकरांसाठी खास एक सूचना. संक्रांतीचे तीन दिवस, भोगी ते कर, गच्चीवर झाडाला जागाच नसते. आसारी फिरवणारा पोरगा मागे सरकत सरकत थेट कुंडीत बसतो, आणि टोकाचे डोळे गेले म्हणजे पुन्हा मामांची छाटणीच झाली की! आमची कुंडी त्या तीन दिवसांसाठी जिन्याखाली मुक्कामाला जाते.

गेल्या संक्रांतीला मी घरी होते. गच्चीवर गाणी, खाली तिळगूळ. आईने मला हळूच जिन्याखाली नेलं आणि निष्पर्ण काड्यांच्या टोकांवरचे डोळे मोजून दाखवले. सात! तेवढ्यात दारात मामांची हाक आली. आई पटकन उठली, स्वयंपाकघरात गेली आणि कात्री तांदळाच्या डब्यात टाकून आली.